विलोची फांदी आणि नावनोंदणीची वही

मल्लखांबाच्या उगमाची कथा पुण्यात अनेकांनी शाळेच्या मैदानावरच ऐकलेली असते. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारी निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब नावाचे दोन पैलवान आले. त्यांनी आव्हान दिले आणि पेशव्यांच्या पदरचा कोणी पुढे येईना. तेव्हा बाळंभट देवधर हा पोरसवदा ब्राह्मण उठला, मुदत मागून घेतली आणि वणीच्या सप्तशृंगीला जाऊन उपासनेला बसला. मारुतीने दृष्टांत देऊन त्याला लाकडी खांबावर डाव दाखवले. पुण्यात परतून त्याने गुलाबला चीत केले आणि अलीने लढत सोडून दिली.

आता जपानमधली एक कथा. नागासाकीचा वैद्य अकियामा शिरोबेई चीनला गेला आणि तिथे हातापायांच्या मारामारीचे तीन डाव शिकून आला. इतक्या तुटपुंज्या शिदोरीवर शिष्य टिकेनात, एकेक करून सगळे निघून गेले. अकियामा तेन्जिन देवाच्या मंदिरात शंभर दिवस अनुष्ठानाला बसला आणि त्याला तीनशे तीन डाव सुचले. त्याच काळात एकदा मोठा बर्फ पडला. ताठ उभी राहिलेली झाडे ओझ्याने मोडली, पण विलोची फांदी वाकली, बर्फ खाली पडू दिला आणि पुन्हा सरळ झाली. अकियामाने आपल्या घराण्याला विलोचे नाव दिले. ते योशिन घराणे. पुढे ज्यूदो ज्या विद्यांतून घडला, त्यांतल्या एकीच्या मुळाशी हे घराणे आहे.

दोन्ही कथांची घडण सारखी आहे. बळाने कमी असलेला माणूस, देवस्थान, अनुष्ठान, एक खांब किंवा एक झाड, आणि मग विद्या. पण पुणे आणि नागासाकी यांच्यात त्या काळी अशा कथांची देवघेव झाल्याचा कसलाही पुरावा नाही. नमणारे वाचते हा विचार तर आपल्याकडे फार जुना आहे. महाभारताच्या शांतिपर्वात समुद्र नद्यांना विचारतो की मोठाले वृक्ष वाहून आणता, मग वेत का आणत नाही. तुकोबांचे लव्हाळे मराठी घरात पोरासोरांनाही ठाऊक असते. एवढ्यावरून ज्यूदोचे तत्त्वज्ञान भारतातून गेले असे कोणी म्हणू लागला तर त्याला थांबवावे लागेल. दोन गोष्टी सारख्या असणे आणि एक दुसरीपासून निघालेली असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. धोबीपछाड आणि ज्यूदोतली खांद्यावरून टाकण्याची फेक यांतही साम्य दिसते. माणसाचे सांधे सगळीकडे सारखेच असतात, एवढेच त्यातून निश्चित कळते.

या कथांची चिकित्सा परक्या विद्वानाने आधी केली असती तर त्यात विशेष नव्हते. पण ती केली ज्यूदोच्या संस्थापकाने, आणि तीही वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी. १८ एप्रिल १८८८ रोजी टोकियोत एशियाटिक सोसायटी ऑफ जपानच्या सभेत जुजुत्सू या जुन्या जपानी झटापटीच्या विद्येवरचा एक निबंध वाचला गेला. लेखक दोन होते, रेव्हरंड टी. लिंडसे आणि ज्यूदोचे हे संस्थापक कानो जिगोरो. पुढच्या वर्षी तो सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. आजही तो वाचायला मिळतो, आणि इतिहासाची आवड असलेल्या पुणेकराला त्यातली पद्धत लगेच ओळखीची वाटेल.

निबंध सुरुवातीलाच साधनांची अडचण मांडतो. या विद्येवर छापील ग्रंथ जवळजवळ नाहीत. आहेत ती घराण्याघराण्यांची हस्तलिखिते, आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. नवे घराणे काढणाऱ्याने आपल्या सोयीचा इतिहास रचलेला दिसतो. आपल्याकडे विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये काढला आणि बखरींपेक्षा अस्सल पत्रांना मान दिला. त्याच्या दहा वर्षे आधी टोकियोत एक तरुण शिक्षक आपल्याच गुरुघराण्यांच्या कागदांना बखरींसारखे तपासत होता.

त्या तपासणीतला सर्वात अवघड पुरावा दगडाचा होता. टोकियोतल्या अतागो टेकडीच्या देवस्थानात १७७९ साली कितो घराण्याच्या अनुयायांनी एक शिला उभारली. ही विद्या चेन युआनयुन या चिनी माणसापासून सुरू झाली असे त्या शिलेवर कोरले आहे. जपानी त्याला चिन गेन्पिन म्हणत. हा माणूस काल्पनिक नाही. मिंग राजवटीच्या पडत्या काळात तो जपानला आला, एदोत म्हणजे जुन्या टोकियोत राहिला, पुढे नागोयाच्या तोकुगावांच्या आश्रयाला गेला आणि १६७१ मध्ये वारला. गेन्सेइ या बौद्ध भिक्षूबरोबरच्या त्याच्या कविता छापल्या गेल्या. तेव्हा शिलेवरच्या माणसाला स्वतंत्र कागदोपत्री आधार आहे. त्याने काय शिकवले, हा प्रश्न वेगळा.

एदोच्या कोकुशोजी मठात त्याच्या सहवासात आलेल्या तीन निराश्रित सामुराईंची हकिकत जुन्या चरित्रग्रंथात आहे. फुकुनो, इसोगाई आणि मिउरा ही त्यांची नावे. त्यांना गेन्पिन म्हणाला की माझ्या देशात माणसाला पकडण्याची एक विद्या आहे, मी ती पाहिली आहे, पण तिची तत्त्वे शिकलेलो नाही. एवढ्या सांगण्यावरून तिघे आपल्या परीने प्रयोग करत गेले आणि तरबेज झाले. शिलेवरचा मजकूर आणि ही हकिकत शेजारी ठेवून वाचली की फरक डोळ्यांत भरतो. शिलेवर जो आद्य गुरू आहे, तो जुन्या कथेत स्वतःच सांगतो की मला ही विद्या येत नाही.

कानो आणि लिंडसे यांचा दुसरा मुद्दा कालक्रमाचा आहे. ताकेनोउची घराण्याच्या परंपरेनुसार त्याची सुरुवात १५३२ ची, म्हणजे गेन्पिनच्या जन्माच्याही आधीची. त्या कथेतही एक अवचित आलेला साधू आहे. तो पकडीचे पाच डाव शिकवतो आणि नाहीसा होतो. साधू बाजूला ठेवला तरी झटापटीची पद्धतशीर विद्या गेन्पिनपूर्वी जपानात होती असे मानायला इतर घराण्यांचे कागदही आधार देतात. तिसरा मुद्दा विद्येच्या आशयाचा. सोळाव्या शतकातला मिंग सेनापती ची जिग्वांग याच्या युद्धशास्त्राच्या ग्रंथात हातापायांच्या लढतीचे प्रकरण आहे, पण त्यात भर ठोसे आणि लाथांवर. पकडणे, तोल घालवणे, फेकणे, दाबून धरणे हा जुजुत्सूचा गाभा त्यात नाही. यावरून निबंधाचा निष्कर्ष असा की चीनमधून कल्पनेची ठिणगी आली असेल, पण जुजुत्सूची वाढ जपानातच झाली.

हा निष्कर्ष मेइजी काळातल्या राष्ट्राभिमानाला सोयीचा होता हे नाकारता येणार नाही, आणि वाचकाने ते ध्यानात ठेवावे. तरीही कानोंच्या सचोटीची खूण दुसरीकडे दिसते. अतागोची शिला ज्यांनी उभारली त्या कितो घराण्याचे ते स्वतः शिष्य होते. अकियामाच्या विलोची कथा ज्या तेन्जिन शिन्यो घराण्यात जपली गेली, तेही त्यांचेच. निबंधात त्यांनी योशिन घराण्याची दुसरी उगमकथाही तितक्याच गांभीर्याने दिली आहे. तिच्यात ना देव, ना बर्फ. मिउरा योशिन नावाचा नागासाकीचाच एक वैद्य, शरीर आणि मन एकत्र न वापरल्यामुळे रोग होतात असे मानणारा, दोन शिष्यांबरोबर पकडीचे प्रकार शोधत गेला, एवढीच ती हकिकत. एकाच नावाच्या घराण्याला दोन वेगळे मूळपुरुष. मला ही दुसरी कथा जास्त विश्वासार्ह वाटते, कारण तिच्यात कोणाला मोठे करण्याची धडपड नाही.

इथे बोधिधर्माचे बोलले पाहिजे, कारण आपल्याकडे कराटे-ज्यूदोच्या वर्गांत त्याचे नाव हमखास निघते. दक्षिण भारतातला हा बौद्ध साधू शाओलिन मठात गेला, त्याने भिक्षूंना व्यायाम शिकवला आणि त्यातून पूर्वेकडच्या सगळ्या युद्धविद्या निघाल्या, असे सांगतात. या कथेचा आधार ‘यीजिन जिंग’ नावाचा व्यायामग्रंथ. त्याच्या एका प्रस्तावनेवर सातव्या शतकातला सेनापती ली जिंग याचे नाव आणि ६२८ साल आहे. पण ग्रंथ आपल्याला मिळाला कसा हे सांगताना ही प्रस्तावना एका दाढीवाल्या वीराचा हवाला देते, आणि तो वीर पुढच्या काळातल्या एका चिनी कथेतले पात्र आहे. ग्रंथ सतराव्या शतकातला आहे. तांग हाओ या चिनी संशोधकाने १९३० मध्येच बोधिधर्माच्या युद्धविद्येची कथा कागदपत्रांच्या आधारे मोडीत काढली. भारतीय म्हणून ही कथा सोडताना मनाला लागते, हे खरे. पण आपल्या अभिमानाला पुरावा लागत नसेल तर दुसऱ्याच्या अभिमानाकडे तो मागण्याचा हक्क आपल्याला उरत नाही.

कानोंच्या स्वतःच्या आयुष्याची साधनेही अशीच वेगवेगळ्या वजनाची आहेत. १८६० मध्ये मिकागे या साके गाळणाऱ्यांच्या गावी जन्मलेला, अंगाने किरकोळ, टोकियोच्या वसतिगृहात दांडग्या मुलांचा मार खाणारा हा मुलगा जुजुत्सूच्या गुरूच्या शोधात हाडवैद्यांची दारे ठोठावत फिरला, आणि १८७७ मध्ये फुकुदा हाचिनोसुके यांच्यापर्यंत पोचला. एका डावाचे मर्म विचारले तेव्हा फुकुदांनी उत्तर न देता त्याला पुन्हा पुन्हा उचलून आपटले. ही हकिकत सगळ्या चरित्रांत येते. ती कानोंच्याच आठवणींतली आहे, आणि त्या आठवणी १९२७ पासून ‘साक्को’ या मासिकात प्रसिद्ध झाल्या, म्हणजे घटनेनंतर पन्नास वर्षांनी. म्हणून त्या खोट्या ठरत नाहीत, पण आठवण आणि समकालीन नोंद यांना एकाच तराजूत घालू नये. काही आठवणींना बाहेरून टेकू मिळतो. अमेरिकेचे माजी अध्यक्ष ग्रँट १८७९ च्या ऑगस्टमध्ये शिबुसावा एइइची यांच्या घरी आले असता त्यांच्यासमोर फुकुदा आणि तरुण कानो यांनी जुजुत्सू दाखवले. ग्रँट यांच्या जपानभेटीची नोंद स्वतंत्रपणे उपलब्ध आहे. फुकुदा त्यानंतर लवकरच वारले. मग इसो मासातोमो, आणि १८८१ पासून कितो घराण्याचे इइकुबो त्सुनेतोशी, अशी गुरुपरंपरा. इइकुबोंनी कानोंना १८८३ मध्ये परवाना आणि घराण्याची हस्तलिखिते दिली.

त्याआधीच, १८८२ मध्ये, टोकियोच्या एइशोजी मठात बारा चटयांच्या जागेत कानोंची ज्यूदोशाळा, कोदोकान, सुरू झाली होती. पहिल्या वर्षी शिष्य नऊ. फेकाफेकीने मठाच्या फरशीखालचे वासे खिळखिळे होत आणि कानो रात्री कंदील घेऊन खाली शिरून ते दुरुस्त करत, ही पुन्हा आठवण. पण कोदोकानाची नावनोंदणीची वही आठवण नव्हे. तिच्यात पहिले नाव तोमिता त्सुनेजिरो यांचे. प्रवेश घेणारा पाच कलमांची शपथ लिहून देई: योग्य कारणाशिवाय शिक्षण सोडणार नाही, संस्थेला कमीपणा आणणार नाही, परवानगीशिवाय विद्या दुसऱ्याला देणार नाही, आणि अशीच आणखी. सहीशेजारी रक्ताचा ठसा. शपथेची कलमे आणि तो ठसा जुन्या घराण्यांच्या रीतीचेच आहेत. नवे काय ते वहीच्या वापरात दिसते. नाव येते, तारीख येते, संख्या वाढत जाते, आणि गुप्त गुंडाळीऐवजी कोणालाही मोजता येईल असा दस्तऐवज तयार होतो. ज्यूदोचा उगम कुठे, असे मला विचारले तर मी देवळातल्या झाडाकडे बोट न दाखवता या वहीकडे दाखवीन.

तत्त्वज्ञानाचा दस्तऐवज ११ मे १८८९ चा. त्या दिवशी कानोंनी जपानच्या शिक्षणसंस्थेत, शिक्षणमंत्री एनोमोतो ताकेआकी यांच्या उपस्थितीत व्याख्यान देऊन ज्यूदोचे तीन भाग मांडले: शरीराचे शिक्षण, लढतीचे तंत्र आणि चारित्र्याची घडण. त्यांना ही विद्या शाळेच्या वर्गात न्यायची होती. नमण्याचे तत्त्व ते आकड्यांनी समजावत. समोरच्याचे बळ दहा, माझे सात. त्याने ढकलले आणि मी अडवले तर मी हरणार. मी अडवले नाही, मागे सरलो, तर त्याचा तोल पुढे जाईल आणि त्या क्षणी त्याचे बळ दहाचे तीन होईल. मग माझ्या सातातले अर्धेही पुरेल.

पण इथेच न थांबणे ही कानोंची खरी थोरवी आहे, आणि ज्यूदोवर लिहिणारे बरेच जण तिथपर्यंत पोचत नाहीत. १९३२ च्या ऑलिंपिकच्या वेळी लॉस एंजलिसमध्ये केलेल्या भाषणात त्यांनी नमण्याच्या तत्त्वाची मर्यादा स्वतःच दाखवली. कोणी माझे मनगट धरले आणि मी ते सोडवायचे ठरवले, तर माझे बळ त्याच्या पकडीविरुद्ध लावावे लागते. यात नमणे कुठे आहे? मागून कवळ घातली तरी तेच. म्हणून नमणे हा एका मोठ्या नियमाचा एक प्रसंग ठरतो. मोठा नियम असा की मन आणि शरीर यांच्या शक्तीचा, हेतू साधेल असा, सर्वोत्तम विनियोग करावा. १९२२ मध्ये त्यांनी हे सूत्र आणि त्याच्या जोडीला परस्परांच्या हिताचे सूत्र जाहीरपणे मांडले होते. दुसरे सूत्र सरावातून आले आहे. जोडीदार नीट पडायला शिकला नाही तर मला फेक शिकता येत नाही. तो जायबंदी झाला तर उद्या माझाच सराव बंद. तालमीत जोर करणाऱ्या कोणालाही हे वेगळे सांगावे लागणार नाही. विलोची फांदी कानोंनी अशी दोनदा बाजूला ठेवली, १८८८ मध्ये इतिहास म्हणून आणि नंतर पुरेसे तत्त्व म्हणून.

हे सगळे डोक्यात ठेवून बाळंभटाकडे परत पाहिले की प्रश्न बदलतात. खांबावरचा सराव त्याच्या फार आधीचा आहे. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांचा राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लासा’त मल्लविनोदाचे प्रकरण आहे. त्यात पैलवानांच्या प्रती, त्यांचा आहार आणि त्यांचे श्रम म्हणजे व्यायाम सांगितले आहेत, आणि त्यांत स्तंभश्रम येतो. तेव्हा खांबाचा शोध सप्तशृंगीला लागला असे म्हणता येत नाही. उलट मानसोल्लासातला खांब तोच आजचा मल्लखांब, मधली साडेसहाशे वर्षे अखंड, असे म्हणणेही तितकेच निराधार. हा गेन्पिनच्या शिलेचाच प्रकार होईल. बाळंभटाने जे केले त्याची खूण शिष्यांत दिसते. बाजीराव ब्रह्मावर्ताला म्हणजे बिठूरला गेल्यावर ही विद्या तिकडे पोचली, कोंडभटनाना गोडबोले आणि दामोदर गुरू मोघे यांच्यासारख्यांनी ती पुढे नेली. एका माणसाने सरावाला घडी घालून दिली आणि ती माणसामाणसांतून चालली. उगमाचा अर्थ मी एवढाच घेतो. कथेचे सविस्तर छापील रूप मात्र बरेच उशिराचे आहे. दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांच्या बडोद्याच्या ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड १९३६ ते १९४९ मधले.

पुण्याच्या क्रीडा-इतिहासात आठवण आणि नोंद यांचे आणखी एक उदाहरण आहे, आणि त्यात कानोही ओझरते येतात. १९०६ मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्षपद दोराबजी टाटांकडे होते. तिथल्या क्रीडामेळ्यातून भारताचा पहिला ऑलिंपिक संघ कसा निघाला हे त्यांनी १९२९ मध्ये ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना पत्राने कळवले: शेतकऱ्यांची अनवाणी धावणारी पोरे, मैदान एवढे लहान की शंभर मीटरांची शर्यत वळण घेऊन पळायची तयारी, आणि युरोपीय नियमांची काही कल्पना नाही. हीसुद्धा नऊ-दहा वर्षांनंतरची आठवण. १९२० च्या अँटवर्पचे निकाल मात्र त्याच दिवसांचे आहेत. बेळगावकडचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे, कुस्तीत रणधीर शिंदे चौथे. मॅरेथॉनच्या त्याच यादीत जपानचे कानाकुरी शिझो सोळावे आहेत. १९१२ मध्ये कानाकुरींना स्टॉकहोमला नेणारे, आशियातले पहिले ऑलिंपिक समिती सदस्य कानो, अँटवर्पलाही गेले होते.

बाळंभटाच्या कथेला कानोंची कसोटी लावायची तर जागा पुण्यातच आहे. १८९१ च्या पेशवे दफ्तराच्या इमारतीत रुमालांत बांधलेले मोडी कागद आहेत. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातल्या रोजकीर्दी, पैलवानांच्या नेमणुका आणि बक्षिसांचे खर्च, दक्षिणेच्या याद्या यांतून तीन नावे शोधायची: देवधर, अली, गुलाब. एखाद्या पानावर पागोटे किंवा शेला दिल्याची एक ओळ सापडली तरी तिचे वजन सगळ्या दृष्टांतापेक्षा जास्त असेल. मोडी वाचता येणारा आणि कुस्तीतले डाव ओळखणारा एखादा तरुण अभ्यासक हे काम हाती घेवो.